वायफाय जोडलंय, पण नेट नाही: लिनक्स लॅपटॉपवर दोष शोधायचा क्रम

वायफायची कमान पूर्ण भरलेली, पासवर्ड बरोबर घेतलेला, आणि तरी फायरफॉक्स नुसता गरगर फिरत बसतो. उबुंटू किंवा फेडोरा असेल तर कमानीशेजारी बारीक प्रश्नचिन्हही दिसतं. अशा वेळी आपल्या सांगली-साताऱ्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो: "लिनक्सला ड्रायव्हर मिळत नाही रे, विंडोज टाक." हा सल्ला आधी बाजूला ठेवू. राउटरने पासवर्ड मान्य करून जोडणी दिली, याचा अर्थ कार्ड, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) या तिघांनी आपापलं काम बहुतेक चोख केलंय. दोष त्यांच्या पुढे कुठेतरी आहे. म्हणून या लेखात ड्रायव्हर सगळ्यात शेवटी येतो.

त्या प्रश्नचिन्हाचा अर्थ मर्यादित आहे. नेटवर्कमॅनेजर नावाची सेवा ठरावीक वेळाने एका ठरलेल्या पत्त्यावरचं छोटं पान मागवून बघते. अपेक्षित उत्तर आलं नाही, की प्रश्नचिन्ह लागतं. ते पान का आलं नाही, हे प्रश्नचिन्ह सांगत नाही. ते आपल्याला शोधायचंय, आणि शोधायची दिशा एकच: जवळून लांब. आधी लॅपटॉपचा नेटवर्कवरचा (आयपी) पत्ता, मग राउटर, मग राउटरपलीकडची लाइन, मग वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी यंत्रणा, मग ब्राउझर. साखळी जिथे तुटते तिथे थांबायचं. पुढच्या गोष्टींना तोवर हात लावायचा नाही.

कमांड मी इथे फोनवर सांगतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा, आकडेही इंग्रजी. "डॅश" म्हटलं की आडवी रेघ, आणि तिच्यापुढचं अक्षर तिला चिकटून. 'सिस्टिमडी डॅश रिझॉल्व्हडी' किंवा 'एनएम डॅश कनेक्शन डॅश एडिटर' अशा नावांत रेघेच्या आधीही जागा सोडायची नाही.

टर्मिनल उघडण्याआधी

त्याच वायफायवर फोन जोडा आणि फोनचा मोबाइल डेटा बंद करा. ही दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. वायफायला नेट नाही असं दिसलं, की आजचे फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात. मग "फोनवर तर मस्त चालतंय" असं म्हणून सगळा दोष लॅपटॉपच्या माथी येतो, आणि प्रत्यक्षात लाइनच गेलेली असते.

डेटा बंद केल्यावर फोनवरही नेट नसेल, तर फायबरच्या डब्याकडे बघा. 'पॉन' दिवा हिरवा आणि स्थिर हवा. 'लॉस' नावाचा लाल दिवा लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाही, आणि मग लिनक्सच काय, कुठलीच सिस्टिम काही करू शकत नाही. ऑपरेटरला फोन लावा. कारखाने चालू असताना उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली रस्त्यावर लोंबणारी केबल ओढून नेते, हे इस्लामपूर-कराडकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

लाल दिवा नाही, पण नुकतीच लाइट जाऊन आली असेल, तर डबा आणि राउटर दोन्ही बंद करा. आधी फायबरचा डबा चालू करा, दिवे स्थिर होऊ द्या, मगच राउटर. एकदम चालू केले की कधी कधी राउटर आधी उठतो, बाहेरची लाइन न मिळाल्याने तसाच बसतो, आणि वायफाय मात्र ऐटीत दाखवत राहतो. रिचार्ज संपलाय का, हेही याच वेळी बघून घ्या.

आता उलटी चाचणी. लॅपटॉप फोनच्या हॉटस्पॉटवर जोडा. तिथे नेट चाललं तर लॅपटॉपची सगळी यंत्रणा ठीक आहे, आणि शोध तुमचा राउटर किंवा त्या वायफायसाठी लॅपटॉपमध्ये साठवलेल्या सेटिंगपुरता उरतो. फक्त दिवसाचा डेटा संपलेला नाही ना, हे पाहा. अनेक प्लॅनमध्ये कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो, आणि त्या वेगात आजची वेबसाइट उघडणं म्हणजे जवळपास नेट नसणंच.

लॅपटॉपला पत्ता मिळालाय का?

टर्मिनलमध्ये लिहा:

आयपी ए

जी नावं दिसतील त्यांत 'डब्ल्यूएल'ने सुरू होणारं वायफाय कार्ड, उदाहरणार्थ डब्ल्यूएलपी२एस०. त्याच्याखाली 'आयनेट'ने सुरू होणारी ओळ शोधा. घरगुती राउटरवर तिथे १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असतो, कॉलेज-ऑफिसात बऱ्याचदा १० ने किंवा १७२.१६ ते १७२.३१ या पट्ट्यातला. टर्मिनलचा कंटाळा असेल तर सेटिंग्जमध्ये वायफायवर जा, जोडलेल्या नावापुढच्या गिअरवर क्लिक करा. 'डिटेल्स'मध्ये हेच सगळं दिसतं.

'आयनेट'ची ओळच नाही, फक्त 'आयनेट६' आहे, असं दिसलं तर राउटरने आयपीव्ही४चा, म्हणजे नेहमीचा चार आकड्यांचा, पत्ता दिलेला नाही. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता असेल तरी निष्कर्ष तोच. वायफाय 'फर्गेट' करून पुन्हा जोडा. नाही जमलं तर राउटर रीस्टार्ट करा.

पण खरी गंमत असते ती पत्ता आहे, आणि तो चुकीचा आहे, तेव्हा. साताऱ्यात गोडोलीतल्या एखाद्या घराचं उदाहरण घ्या. जुनं कनेक्शन सोडून नवीन फायबर घेतलं. घरातल्या सगळ्या फोनवर, टीव्हीवर पुन्हा पासवर्ड टाकायचा वैताग नको, म्हणून तंत्रज्ञाला सांगून नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला. सोय झाली. पण लॅपटॉपवर कधीतरी प्रिंटरसाठी म्हणून कुणी हाताने पत्ता घातला होता: १९२.१६८.१.५०, गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) १९२.१६८.१.१. नवा राउटर बसलाय १९२.१६८.२९.१ वर. नाव आणि पासवर्ड तेच असल्याने लॅपटॉप आनंदाने जोडला जातो, कमान भरते, आणि मग अस्तित्वात नसलेल्या गेटवेला हाका मारत बसतो. फोन मात्र सगळे चालू, कारण त्यांना पत्ता आपोआप मिळतो. साहजिकच खापर लिनक्सवर फुटतं.

उपाय सोपा आहे. गिअर, मग 'आयपीव्ही४' टॅब, 'मॅन्युअल'चं 'ऑटोमॅटिक (डीएचसीपी)' करा, 'अप्लाय' दाबा, आणि वायफाय एकदा बंद-चालू करा. हा शेवटचा टप्पा गाळू नका; नुसतं 'अप्लाय' दाबून नवीन सेटिंग लगेच लागू होईलच असं नाही.

बाहेर जायची वाट

आयपी रूट

इथे 'डीफॉल्ट'ने सुरू होणारी ओळ महत्त्वाची. एकही नसेल तर बाहेरची वाटच नाही, आणि बहुधा पत्ताही नीट मिळालेला नसतो. एक असेल आणि तिच्यात वायफाय कार्डाचं नाव असेल, तर पुढच्या टप्प्याकडे चला. दोन असतील तर इथेच थांबा.

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानात हे चित्र सहज दिसेल. लॅपटॉप वायफायवर आहे, शिवाय त्याला लॅनची केबलही आहे, आणि ती केबल सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला, जाते. केबल जोडणाऱ्याने पत्ता हाताने घातला आणि फॉर्ममध्ये रकाना रिकामा दिसतो म्हणून गेटवेही भरून टाकला. मग आयपी रूट असं काहीतरी सांगतं:

डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१०८ डेव्ह ईएनपी३एस० प्रोटो स्टॅटिक मेट्रिक १००
डीफॉल्ट व्हाया १९२.१६८.२९.१ डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० प्रोटो डीएचसीपी मेट्रिक ६००

शेवटचा आकडा बघा. मेट्रिक जितका कमी तितका त्या वाटेचा मान मोठा. नेटवर्कमॅनेजर केबलला १०० देतो, वायफायला ६००. म्हणजे जगभरचा सगळा ट्रॅफिक डीव्हीआरकडे चाललाय, आणि त्या बिचाऱ्याला कॅमेऱ्यांपलीकडे काही ठाऊक नाही. केबल उपटली की नेट लगेच सुरू होतं. निदान पक्कं करायला हीच कृती सगळ्यात झटपट. कायमचा उपाय म्हणजे वायर्ड कनेक्शनच्या आयपीव्ही४ टॅबमध्ये गेटवेचा रकाना रिकामा करणं, किंवा तिथेच खाली 'हे कनेक्शन फक्त त्याच नेटवर्कपुरतं वापरा' अशा अर्थाचा चौकोन असतो त्यावर टिक करणं. डीव्हीआर आणि राउटर दोघेही १९२.१६८.१ याच पट्ट्यात असतील तर मात्र एकाचा पट्टा बदलल्याशिवाय गोंधळ मिटत नाही.

उबुंटूवर हा प्रकार कमी दिसतो. ती प्रश्नचिन्हवाली तपासणी चालू असते, आणि ज्या वाटेला नेट नाही तिच्या मेट्रिकमध्ये नेटवर्कमॅनेजर स्वतःच २०००० मिळवतो. त्यामुळे यादीत २०१०० किंवा २०६०० असा भलताच आकडा दिसला तर दचकू नका. त्या वाटेवर नेट सापडलं नाही, एवढंच तो सांगतोय.

तीन पिंग

आता एकामागून एक तीन हाका. पहिली राउटरला, पत्ता तुमच्या 'डीफॉल्ट व्हाया'पुढचा घ्या:

पिंग डॅश सी ४ १९२.१६८.२९.१

दुसरी थेट बाहेर, नावाऐवजी आकड्यांनी:

पिंग डॅश सी ४ १.१.१.१

तिसरी नावाने:

पिंग डॅश सी ४ विकिपीडिया डॉट ऑर्ग

'डॅश सी ४' नाही लिहिलं तर लिनक्सवर पिंग थांबतच नाही. कंट्रोल आणि सी दाबून थांबवावं लागतं.

उत्तर आलं नाही एवढ्यावर समाधान मानू नका, कोणत्या शब्दांत नकार आला ते वाचा. 'नेटवर्क इज अनरीचेबल' म्हणजे वाटच नाही, मागच्या टप्प्यावर परत जा. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' आणि त्या ओळीत तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता, म्हणजे त्या पट्ट्यात गेटवे म्हणून कुणी ओ देत नाही. हाताने घातलेल्या चुकीच्या पत्त्याची ही ठळक खूण. काहीच न छापता शंभर टक्के लॉस, म्हणजे निरोप निघाला पण परत आला नाही. आणि 'टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन' आलं तर दोष नावं शोधण्यात, म्हणजे डीएनएसमध्ये आहे.

राउटर उत्तर देतो पण १.१.१.१ देत नाही, आणि फोनवरही नेट नाही, तर लॅपटॉपचा विषय संपला. ऑपरेटरला फोन करताना "नेट चालत नाही" म्हणू नका. "राउटरला पिंग जातं, १.१.१.१ ला जात नाही, लॉसचा दिवा बंद आहे" असं सांगा. पलीकडचा माणूस "लॅपटॉप रीस्टार्ट करून बघा" म्हणायचा थांबतो. फोनवर नेट आहे आणि फक्त लॅपटॉप अडतोय, तर राउटरमध्ये 'मॅक फिल्टर' (ठरावीक उपकरणांनाच नेट देणारी सेटिंग) किंवा 'पेरेंटल कंट्रोल' लावलेलं आहे का ते पाहा.

आकडे चालतात, नावं चालत नाहीत

दुसरं पिंग यशस्वी, तिसरं फसलं. माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ वाया घालवणारा दोष हाच, कारण इंटरनेट खरं तर चालू असतं आणि दिसत मात्र नाही. कुठल्या डीएनएसला विचारलं जातंय ते बघायला:

रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस

ही कमांड उबुंटू, मिंट आणि नव्या फेडोरावर चालते. वायफाय कार्डाच्या नावाखाली 'डीएनएस सर्व्हर्स' दिसतील. तिथे राउटरचाच पत्ता असणं नेहमीचं. पण कॉलेजच्या लॅबमध्ये कुणी घालून दिलेला आतल्या सर्व्हरचा पत्ता अजून चिकटून असेल, तर तो घरून कधीच उत्तर देणार नाही.

दुरुस्ती पुन्हा त्याच गिअरमध्ये. आयपीव्ही४ टॅबवर डीएनएसचं 'ऑटोमॅटिक' बंद करा आणि रकान्यात १.१.१.१, ८.८.८.८ असं स्वल्पविराम देऊन लिहा. पहिला क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून सगळ्यांसाठी खुला, दुसरा गूगलचा. मग अप्लाय, वायफाय बंद-चालू. तरीही जुनंच चित्र दिसलं तर ('सुडो' म्हणजे ॲडमिनच्या अधिकाराने, म्हणून तुमचा पासवर्ड विचारला जाईल):

सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट सिस्टिमडी डॅश रिझॉल्व्हडी

एक पथ्य. 'ईटीसी' फोल्डरमधली रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ ही फाइल उघडून तिच्यात नेमसर्व्हर लिहा, असं जुने व्हिडिओ सांगतात. तसं करू नका. आजच्या उबुंटूवर ती दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नुसती खूण असते आणि तिच्यात १२७.०.०.५३ असा पत्ता असणं अगदी बरोबर आहे. हाताने लिहिलेलं पुढच्या जोडणीला पुसलं जातं. ते टिकवायला म्हणून फाइलला कुलूप घातलं, तर वेगळं दुखणं मागे लागतं.

लॉगिनचं पान अडून बसलंय

महाबळेश्वर-पाचगणीचं हॉटेल, कॉलेजचं हॉस्टेल, स्टेशनवरचं रेलवायर: अशा वायफायवर आधी एक पान उघडून मोबाइल नंबर आणि ओटीपी द्यावा लागतो. तोवर सगळं बंद. उबुंटू ते पान स्वतःहून दाखवायचा प्रयत्न करतो, पण नेहमी जमतं असं नाही. अशा वेळी ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. ही साइट मुद्दाम कुलूपबंद जोडणीशिवाय ठेवलेली आहे, त्यामुळे तिच्यावरून लॉगिनच्या पानाकडे वळवलं जाणं सोपं जातं. नाहीच आलं तर गेटवेचा पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाका.

वर डीएनएस हाताने घातला असेल तर तो इथे आडवा येतो, कारण लॉगिनच्या पानाचं नाव बऱ्याचदा फक्त तिथल्याच डीएनएसला माहीत असतं. तेवढ्यापुरतं 'ऑटोमॅटिक' करा. व्हीपीएनही (दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेट नेणारं ॲप) बंद हवा.

पिंग सगळी चालतात, ब्राउझर नाही

आधी घड्याळ बघा. जुन्या लॅपटॉपमधला बटणासारखा सेल, बहुधा सीआर२०३२, संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि प्रत्येक साइट 'तुमची जोडणी सुरक्षित नाही' म्हणून नकार देते. टाइमडेटसीटीएल लिहून तारीख तपासा, सेटिंग्जमधून हाताने दुरुस्त करा, नेट आल्यावर ऑटोमॅटिक चालू करा. फक्त साडेपाच तासांचा फरक दिसत असेल तर शेजारी विंडोज आहे, आणि दोघे मदरबोर्डचं घड्याळ वेगवेगळ्या हिशोबाने वाचतात. त्या फरकाने नेट सहसा बंद पडत नाही.

मग प्रॉक्सी, म्हणजे ब्राउझर ज्याच्यामार्फत नेटवर जातो तो मधला सर्व्हर. सेटिंग्ज, नेटवर्क, प्रॉक्सी: 'ऑफ' हवं. फायरफॉक्सची प्रॉक्सी वेगळी असते, तीही बघा. सुट्टीत घरी आलेल्या इंजिनिअरिंगच्या पोरांचं नेट हमखास इथे अडकतं, कारण कॉलेजची प्रॉक्सी तशीच राहिलेली असते. त्यांच्याच लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्रॅम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं सॉफ्टवेअर) असेल आणि कॉलेजचं नेटवर्क १७२.१७ ने सुरू होत असेल, तर डॉकरचा नेहमीचा पट्टाही तोच, आणि दोघांची टक्कर होते.

व्हीपीएनचं ॲप मधेच मेलं तर त्याचा 'किल स्विच' (व्हीपीएन तुटलं की नेट बंद ठेवणारी सोय) मागे राहतो आणि सगळी वाट अडवतो. एनएमसीएलआय कनेक्शन शो लिहा. यादीत 'टन' किंवा 'किलस्विच' असं काही चालू दिसलं तर ॲप पुन्हा उघडून रीतसर डिस्कनेक्ट करा. तेवढ्याने गेलं नाही तर ते कनेक्शन पुसून टाका.

काही साइट उघडतात, काही अर्ध्यात लटकतात

गूगल उघडतं, बँकेचं पान पांढरं राहतं, आणि व्हॉट्सॲप वेबवर मजकूर येतो पण फोटो येत नाही. इथे पाकिटाच्या, म्हणजे डेटा ज्या तुकड्यांत जातो त्या तुकड्याच्या, आकाराचा संशय घ्या. स्थानिक ऑपरेटरच्या अनेक लाइनी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी करायच्या) पद्धतीने चालतात, आणि तिच्यात एका पाकिटाला १५०० ऐवजी १४९२ बाइट मिळतात. राउटर नीट असेल तर तो हे सांभाळून घेतो. नसेल तर मोठी पाकिटं वाटेत गळतात. तपासायला:

पिंग डॅश एम डू डॅश एस १४७२ १.१.१.१

यातला एम मोठा. १४७२ मध्ये २८ बाइटचं वेष्टन मिळवलं की १५०० होतात. हे फसलं आणि १४६४ ने जमलं, तर लाइन १४९२ ची आहे. एनएम डॅश कनेक्शन डॅश एडिटर उघडा, तुमचं वायफाय निवडा, 'वायफाय' टॅबमध्ये 'एमटीयू'ला, म्हणजे पाकिटाच्या कमाल आकाराला, १४०० लिहा. वेगात जाणवण्याइतका फरक पडत नाही.

दुसरा संशय आयपीव्ही६वर, म्हणजे नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीवर. पिंग डॅश ४ ने उत्तर येतं आणि डॅश ६ ने येत नाही, तरी लॅपटॉपकडे बाहेरचा आयपीव्ही६ पत्ता आहे, असं असेल तर गिअरमधल्या आयपीव्ही६ टॅबवर 'डिसेबल' करून बघा. हा तात्पुरता इलाज समजा. खरी दुरुस्ती राउटरवर व्हायला हवी.

नेट येतं आणि जातं

थोडा वेळ चालतं, मग कमान भरलेली असूनही सगळं थिजतं, वायफाय बंद-चालू केलं की पुन्हा सुरू. कार्डाची वीजबचत हे याचं एक नेहमीचं कारण. चाचणी:

सुडो आयडब्ल्यू डेव्ह डब्ल्यूएलपी२एस० सेट पॉवर अंडरस्कोअर सेव्ह ऑफ

फरक पडला तर कायमचं करा. 'ईटीसी'मध्ये नेटवर्कमॅनेजरचं फोल्डर, त्यात कॉन्फ डॉट डी; उबुंटूवर तिथे 'डीफॉल्ट वायफाय पॉवरसेव्ह ऑन' नावाची फाइल असते. तिच्यातला ३ काढून २ करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल.

एवढं करूनही पहिलंच पिंग, म्हणजे खोलीतल्याच राउटरला, मधेमधे गळत असेल, तर आता ड्रायव्हरची पाळी. सुडो डीमेसेज (स्पेलिंग फक्त डी-एम-ई-एस-जी) लिहून शेवटच्या ओळींत तुमच्या कार्डाचं नाव आणि 'फर्मवेअर' किंवा 'टाइमआउट' शब्द दिसतात का बघा. फोन यूएसबी केबलने जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा; वायफायशिवाय नेट मिळतं, आणि त्यावर सगळी अपडेट घ्या. उलट अपडेटनंतरच दुखणं सुरू झालं असेल तर लॅपटॉप सुरू होताना ग्रबच्या (सिस्टिम निवडायच्या मेनूच्या) यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जा आणि आधीचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडा. त्यावर नेट स्थिर राहिलं तर नवा कर्नल येईपर्यंत त्याच्यावरच काम चालू ठेवा.